निक्कोचं तोशोगू पाहायचं तर

टोकियोच्या असाकुसाहून तोबू रेल्वेने निक्को साधारण दोन तास. नोव्हेंबर ते मार्च तोशोगू हे शिंतो देवस्थान चारलाच बंद होतं, म्हणून सकाळी नऊला दारात हजर राहा. आधी हात धुवायचे: पळीने डावा, मग उजवा, मग डाव्या तळव्यात पाणी घेऊन चूळ. पळी तोंडाला लावायची नाही.

योमेइमोन दरवाजावर पाचशेहून जास्त कोरीव शिल्पं. बारा खांबांपैकी एकावरची नक्षी मुद्दाम उलटी ठेवलीय, ती शोधाच. झोपलेल्या मांजराच्या कोरीव शिल्पाखालून पुढे इएयासूच्या (जपानचा जुना लष्करी शासक, शोगुन) समाधीकडे २०७ दगडी पायऱ्या. सज्जनगड चढणाऱ्या सातारकराला किरकोळच, पण पावसात निसरड्या. मुख्य मंदिरात बूट काढावे लागतात. नाडीचे बूट नकोत, आणि फाटके मोजे तर नकोतच!