दात जपायचे तर रात्रीचा ब्रश आधी

कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली की शेंगदाण्याचा कूट दाढांच्या खाचांत जाऊन बसतो. तो टोचतो म्हणून लक्षात येतो. खरी कीड लागते ती मात्र गोड आणि पिठूळ खाण्याने. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि ते दाताचं कवच झिजवतं. म्हणून किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. दर तासाला गोड चहा आणि बिस्कीट म्हणजे दाताला सावरायला उसंतच नाही.

झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे रात्रीचा ब्रश चुकवू नका. मऊ ब्रश हिरडी आणि दात मिळतात त्या रेषेवर ४५ अंशांत तिरका धरा आणि जागच्या जागी हलके हेलकावे द्या. जोरात आडवं घासलं की हिरडी मागे सरते आणि दाताच्या मुळाशी खाच पडते, मग गार पाण्यानं झिणझिण्या येतात. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू ब्रश उभा धरून घासा. जिभेखाली लाळेच्या ग्रंथी उघडतात, म्हणून कीटण तिथेच आधी साचतं. एकूण दोन मिनिटं. नंतर फेस थुंका, पण खळखळून चूळ भरू नका, नाहीतर पेस्टमधलं फ्लोराइड धुऊन जातं. ब्रश तीन महिन्यांनी बदला. फटींसाठी फ्लॉस (दातांच्या फटीत फिरवायचा दोरा) किंवा बारीक ब्रश वापरा, टाचणी नको.

हिरडीतून रक्त आलं की लोक तिथे घासणंच सोडतात. उलट तिथेच हलक्या हातानं नीट घासायला हवं. आठवडा-दोन आठवड्यांत थांबलं नाही तर दंतवैद्याकडून कीटण काढून घ्या. ‘स्केलिंगनं, म्हणजे असं कीटण काढल्यानं, दात हलतात’ हा गैरसमज आहे. हलत असलेला दात कीटणानं धरून ठेवलेला असतो, एवढंच. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवल्याशिवाय हिरड्या सुधारत नाहीत.

बाळाचा पहिला दात दिसला की ब्रश सुरू करा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांमागे नवी दाढ येते. ही कायमची, पण दुधाची समजून घरोघरी दुर्लक्षित राहते. तिच्या खाचा खोल असतील तर सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा लेप, भरून घ्या. पडल्यावर कायमचा दात मुळासकट निघाला तर मूळ न चोळता वरचा भाग धरून लगेच जागेवर बसवा. ते जमलं नाही तर दुधात ठेवून तासाभराच्या आत दवाखाना गाठा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

मशेरीबद्दल आडपडदा नको. ती भाजलेली तंबाखू आहे. बिड्या वळणाऱ्या बायकांपासून सुनांपर्यंत अनेकींना ‘दात घासल्याशिवाय शौचाला होत नाही’ असं वाटतं, पण ती निकोटिनची तलफ असते. दिवसातल्या खेपा कमी करत जा, नाहीच जमलं तर सरकारी दवाखान्यातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात विचारा. सुपारी-गुटख्यानं तोंड आखडतं. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, गालात पांढरा चट्टा असेल किंवा पंधरा दिवसांत न भरणारी जखम असेल, तर दुखत नसलं तरी सिव्हिलच्या दंतविभागात तपासून घ्या.

कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. उकळतं पाणी नको, ती वाकडी होते.