मॉस्कोचे मायाकोव्स्काया स्थानक कसे पाहावे

१९३८ मध्ये सुरू झालेले, अलेक्सेई दुश्किन यांनी रचलेले हे भुयारी स्थानक पाहताना गाडीतून उतरल्यावर मधल्या दालनात थांबून आधी खांब न्याहाळावेत. सुमारे ३३ मीटर खोलीवरील भार जाडजूड भिंतींऐवजी पोलादी खांबांवर पेलल्यामुळेच येथे एवढा मोकळेपणा साधला आहे. मग एकेका घुमटाखाली उभे राहून मान वर करावी, कारण अलेक्झांडर देइनेका यांची आकाशविषयक ३४ मोझेक चित्रे खोलगट घुमटांत असल्याने चालता चालता नीट दिसत नाहीत (मान अवघडते, पण इलाज नाही). ६ नोव्हेंबर १९४१ रोजी, जर्मन सैन्य शहराच्या दिशेने सरकत असताना, स्टालिनने याच दालनात सभा घेतली होती. सकाळ-संध्याकाळची कार्यालयीन गर्दीची वेळ मात्र टाळावी.