फुटबॉल खेळाडूची क्लब कारकीर्द तक्त्यात कशी मांडावी

मराठवाड्यात परभणी असो की नांदेड, चांगलं फुटबॉल खेळणारी पोरं असतात. कोण कुठल्या हंगामात कोणाकडून किती सामने खेळला, हे मात्र बहुतेक वेळा लिहून ठेवलेलं नसतं. ही नोंद व्हायलाच हवी. हात बसवायला नेदरलँड्सचा मिडफिल्डर फ्रेंकी डी योंग घ्या. नवखा जिथे जिथे चुकतो, त्या बहुतेक जागा त्याच्या कारकिर्दीत सापडतात.

आडव्या वहीत रकाने आखा: हंगाम, संघ, लीग, चषक, युरोपीय स्पर्धा, इतर, एकूण. लीगपासून पुढच्या प्रत्येक रकान्याचे सामने आणि गोल असे दोन भाग करा. तिथला हंगाम ऑगस्टच्या सुमारास सुरू होऊन मे-जूनमध्ये संपतो. म्हणून मे २०१५ मध्ये विलेम टू संघाकडून झालेलं त्याचं पदार्पण २०१४-१५ च्या ओळीत जातं.

पुढचा हंगाम अवघड आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये आम्स्टरडॅमच्या आयाक्स क्लबने त्याला घेतलं आणि वर्षअखेरपर्यंत विलेम टूलाच लोनवर, म्हणजे तात्पुरतं खेळायला, दिलं. करार आयाक्सचा असला तरी ते सामने विलेम टूच्या ओळीत लिहायचे आणि पुढे 'लोन' अशी खूण करायची. त्यानंतर येतो योंग आयाक्स, म्हणजे क्लबचा राखीव संघ. तो दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळतो, त्यामुळे त्याला वेगळी ओळ द्या. हे सामने मुख्य आयाक्सच्या ओळीत मिसळले की एरेडिव्हिझीचा, म्हणजे नेदरलँड्सच्या पहिल्या श्रेणीच्या लीगचा, आकडा फुगतो. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

बार्सिलोनाने करार जाहीर केला जानेवारी २०१९ मध्ये, रक्कम ७.५ कोटी युरो. पण खेळाडू जूनपर्यंत आयाक्सचाच होता, आणि त्याच हंगामात संघाने लीग व चषक दोन्ही जिंकले. बार्सिलोनाची ओळ सुरू होते २०१९-२० पासून. घोषणेच्या तारखेवर ओळ कधीच उघडू नका.

तारीख सामना जिथे झाला तिथली लिहा. आयाक्सची टॉटनहॅमविरुद्धची चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरीची परतीची लढत ८ मे २०१९ ची. आपल्याकडे ती मध्यरात्रीनंतर साडेबाराला, म्हणजे ९ मे रोजी दिसली. आपल्या घड्याळावरून नोंद केली तर असे सामने दुसऱ्या दिवशी पडतात.

बदली म्हणून शेवटचं एक मिनिट खेळला तरी सामना मोजायचा. नुसता बाकावर बसला तर नाही. पेनल्टी शूटआउटमधले गोल धरायचे नाहीत, खेळ चालू असताना मिळालेल्या पेनल्टीचा गोल धरायचा. मैत्रीपूर्ण सामने नकोत. राष्ट्रीय संघाचे सामने खालच्या वेगळ्या तक्त्यात.

आता हाच तक्ता आपल्या खेळाडूला लावा. शाळा, कॉलेज आणि क्लब यांना वेगळ्या ओळी. सुब्रतो चषक या शालेय स्पर्धेचे सामने शाळेच्या ओळीत. जिल्हा आणि विद्यापीठाची निवड राष्ट्रीय संघासारखी खालच्या तक्त्यात. छत्रपती संभाजीनगरच्या आमखास मैदानावर सात-सात खेळाडूंचा सामना झाला तर त्याची ओळ अकराच्या सामन्यांपासून वेगळी ठेवा, कारण तिथले गोल या गोलांशी तोलता येत नाहीत. पंचाची सही असलेल्या गुणपत्रकाचा फोटो त्याच संध्याकाळी काढून घ्या; स्पर्धा संपली की तो कागद सापडत नाही.

शेवटी आडवी आणि उभी बेरीज करा. जुळली नाही तर आधी लोनची ओळ तपासा, मग राखीव संघाची, मग बदली म्हणून खेळलेले सामने.