दरजांत सिमेंट आणि फलकावर एकच नाव : जुनी वास्तू जपताना या चुका टाळा

सातारा-सांगली भागात विहीर, वेस, बुरूज, वाडा साफ करायला तरुण मंडळी उत्साहाने उतरतात. झाडोरा निघतो, गाळ निघतो आणि शेवटच्या दिवशी ‘मजबुतीसाठी’ सिमेंटची पोती येतात. सगळा घात तिथे होतो.

जुनी दगडी भिंत एकसंध नसते. आत-बाहेर घडीव काळ्या दगडाचे दोन पदर आणि मधे चुना, माती, दगडगोट्यांची भरणी. पावसाचे पाणी माथ्यावरून भरणीत उतरते आणि दगडांमधल्या चुन्याच्या दरजांतून, म्हणजे सांध्यांतून, सावकाश सुकून जाते. दरजा सिमेंटने बुजवल्या की ही वाट बंद. पहिल्या हिवाळ्यात दरजेच्या कडेला पांढरे क्षार फुटतात. मग सिमेंटची कड दगडापासून सुटते आणि त्या केसाएवढ्या फटीतून आणखी पाणी शिरते. आतला चुना धुपून भरणी खाली बसते, बाहेरच्या पदराला पोट सुटते आणि एखाद्या आषाढात रात्रीतून भिंत बसते. लोक म्हणतात, जुनीच होती, पडायचीच. पडायची नव्हती. तिचा श्वास कोंडला होता.

दरजा चुन्यानेच भरा. कळीचा चुना (भाजलेली, न विरलेली चुनखडी) पाण्यात विरवून, गाळून, वर पाणी राखून किमान पंधरा दिवस मुरू द्या. तीन महिने मुरला तर उत्तम. रंगाच्या दुकानातली सफेदीच्या चुन्याची जुनी पुडी यासाठी घेऊ नका. हवा लागून तिचा कस गेलेला असतो. एक भाग मुरलेला चुना, अडीच ते तीन भाग धुतलेली चाळीव वाळू. कायम ओल असेल तिथे थोडी वाळू कमी करून सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड, घाला. सुटलेला माल रुंदीच्या दुप्पट खोल, निदान एक इंच, छिन्नीने काढा. ग्राइंडर लावू नका, दगडाच्या घडीव कडा कापल्या जातात. दरज झाडून भिजवा, माल दाबून थरांनी भरा आणि आठ-दहा दिवस ओली पोती टाकून ठेवा. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. चुना हवेतला वायू शोषत हळूहळू दगड होतो, त्याला घाई चालत नाही. ज्यांना रविवारी सुरू करून रविवारीच फोटो हवा आहे, त्यांनी गाळ काढावा, झाडलोट करावी. भिंतीला हात लावू नये.

भिंतीत उगवलेला पिंपळ मुळासकट ओढू नका, दगड सोबत येतो. बुंध्याशी कापून ताज्या कापावर तणनाशक लावा. वीरगळावर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणशिळेवर, तारेचा ब्रश, ॲसिड, ऑइलपेंट नको. साधे पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश पुरतो. वीरगळ उचलून देवळाच्या आवारात ‘छान’ रांगेत मांडू नका. तो कुठे आणि कोणत्या दिशेला तोंड करून उभा होता, हाही इतिहासच आहे. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी आधी.

आता फलक. इथली चूक भिंतीच्या चुकीइतकीच जड आहे. मोठ्या अक्षरात एका राजाचे किंवा सरदाराचे नाव, खाली सौजन्य म्हणून देणगीदारांची यादी, इतिहास संपला. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर घ्या. १७१९ ते १७२४ या काळात ती वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. तरी सांगताना अनेकदा ‘सातारच्या शाहू महाराजांच्या काळातली’ एवढेच सांगतात आणि बांधवून घेणारी बाई गळते. शिवाय मोट म्हणजे काय? बैलांनी ओढून विहिरीतले पाणी वर काढायची कातड्याची पिशवी, आणि तिच्यामागचे हात. कातडे कमावून ती शिवणारे ढोर-चांभार कारागीर, नाडा आणि सोंदूर हे मोटेचे दोर वळणारे मातंग, दगड घडवणारे पाथरवट, धावेवर (बैलांच्या उतरत्या वाटेवर) बैल हाकणारा मोटकरी, मोट रिती होते त्या थारोळ्यातून पाटाने पाणी वळवणारी माणसे. हे हात नसते तर विहीर नुसता खड्डा ठरली असती. आणि ज्यांच्या हातांनी मोट घडली, त्यातल्या कितीजणांना गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता, तेही फलकावर स्पष्ट लिहा. गाव लहान होत नाही.

साताऱ्यात प्रतापसिंह हायस्कूलकडे नुसते राजवाड्याशी जोडलेली शाळा म्हणून बोट दाखवणे हीदेखील तीच चूक. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचे नाव याच शाळेत दाखल झाले. इंग्रजांविरुद्ध नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या समांतर सरकारची, म्हणजे प्रतिसरकारची, ठिकाणे दाखवताना पुढाऱ्यांच्या जोडीला निरोप पोचवणाऱ्या, भूमिगतांना भाकरी देणाऱ्या बायका सांगा. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील स्वतः त्या लढ्यात होत्या.

मजकूर एकट्या शिकलेल्या माणसाने लिहू नये. आधी साध्या कागदावर लिहा, प्रत्येक वस्तीत जाऊन मोठ्याने वाचा. मोट हाकलेली माणसे आता ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्याकडून धावेचे, चाकाचे, बैलांच्या पाळीचे शब्द आधी टिपून घ्या, फोनवर आवाज साठवा, सांगणाऱ्याला विचारूनच नाव छापा. आठवण आणि कागदपत्र यांत फरक पडला तर दोन्ही द्या, कोणते कुठून आले ते लिहून. फलक जुन्या भिंतीला खिळे ठोकून लावू नका. चार-पाच हात लांब जमिनीत खांब रोवा, पण खड्डा घेताना खापर किंवा घडीव दगड लागला तर तिथेच थांबा आणि जागा बदला.