मतदान यंत्राविषयीची शंका कागदावर कशी आणावी

डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडी या गावाने, विधानसभेच्या निकालात आपल्या गावाच्या नावे आलेले आकडे पटले नाहीत म्हणून, मतपत्रिकेवर स्वतःच पुन्हा मतदान घेण्याचे ठरवले होते. प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि ते मतदान झाले नाही. त्याला कायद्याचा आधार नव्हता हे खरे. पण ग्रामस्थांची अस्वस्थता खरी होती आणि ती कोठे मांडायची, हा त्यांचा प्रश्नही रास्त होता. निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये त्याचे उत्तर आहे. मात्र तपासणीच्या बहुतेक संधी निकालापूर्वीच येतात आणि त्या त्या टप्प्यावर संपतात, त्यामुळे ज्याला शंका आहे त्याने तयारी मतदानाच्या आधीपासून करावी.

सर्वांत आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. यंत्र जवळून पाहण्याचे, मोहरांवर सही करण्याचे आणि मतांच्या हिशेबाची प्रत मागण्याचे अधिकार सामान्य मतदाराला नसून उमेदवाराला आणि त्याच्या प्रतिनिधींना आहेत. म्हणून ज्यांना ही देखरेख मनापासून करायची आहे, त्यांनी एखाद्या उमेदवाराकडे, मग तो अपक्ष का असेना, मतदान प्रतिनिधी होण्याची तयारी दाखवावी. ही नेमणूक नमुना १० मध्ये होते. अनेक केंद्रांवर लहान पक्षांना प्रतिनिधी मिळत नाहीत आणि तेथे यंत्रावर नजर ठेवणारे कोणी उरत नाही. माझ्या मते यंत्राविषयीच्या तक्रारींमधील हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

मतदानाच्या कितीतरी आधी यंत्रांची प्रथमस्तरीय तपासणी भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या दोन सरकारी कंपन्यांचे अभियंते राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींसमोर करतात. त्यानंतर संगणकाद्वारे यंत्रांची दोनदा सरमिसळ होते: पहिल्यांदा कोणते यंत्र कोणत्या मतदारसंघात जाईल ते ठरते आणि दुसऱ्यांदा कोणत्या केंद्रावर जाईल ते. दुसऱ्या सरमिसळीनंतर केंद्रनिहाय यंत्रक्रमांकांची यादी उमेदवारांना दिली जाते. आपल्या केंद्राच्या कंट्रोल युनिट (मते नोंदवणारा भाग), बॅलट युनिट (बटणांचा भाग) आणि व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी छापून दाखवणारे यंत्र) या तिन्हींचे क्रमांक त्या यादीतून उतरवून घ्यावेत, कारण यंत्र बदलले गेल्याचा संशय पुढे कधी आला तर हेच क्रमांक उपयोगी पडतील. याच काळात व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची नावे आणि चिन्हे भरली जातात. यंत्र कोणत्याही जाळ्याशी जोडलेले नसते हा युक्तिवाद नेहमी केला जातो, पण चिन्हे बाहेरूनच भरली जात असल्यामुळे या टप्प्यावर उमेदवाराचा माणूस हजर असलाच पाहिजे.

मतदानाच्या दिवशी प्रतिनिधीने अधिकृत वेळेच्या किमान दीड तास आधी केंद्रावर पोहोचावे, कारण तेव्हा अभिरूप मतदान, म्हणजे खऱ्या मतदानाआधीचे नमुना मतदान, होते. त्यात किमान ५० मते टाकली जातात, ‘नोटा’सह प्रत्येक बटण दाबून पाहिले जाते आणि यंत्राचा निकाल चिठ्ठ्यांशी पडताळला जातो. त्यानंतरची कृती अधिक महत्त्वाची आहे: केंद्राध्यक्षाने ही मते यंत्रातून पुसली आहेत का, एकूण मतसंख्या शून्य दिसते आहे का आणि व्हीव्हीपॅटच्या पेटीतील चिठ्ठ्या बाहेर काढल्या आहेत का, हे स्वतः पाहावे. सर्वोच्च न्यायालयात २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने सांगितले की पडताळलेल्या ४ कोटींहून अधिक चिठ्ठ्यांमध्ये एकच तफावत आढळली. ती आंध्र प्रदेशातील मैदुकूर मतदारसंघाच्या एका केंद्रावरची होती आणि अभिरूप मतदानाची मते न पुसल्यामुळे घडली होती. यानंतर यंत्राला कागदी मोहर लावली जाते. तिचा क्रमांक टिपून घ्यावा आणि तिच्यावर सही करावी.

मतदाराने बटण दाबल्यानंतर घाई करू नये. व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. तिच्यावरील अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह नीट वाचावे. चिठ्ठी दुसऱ्याच उमेदवाराची आहे असे दिसले तर बाहेर येऊन समाजमाध्यमांवर लिहिण्याऐवजी तेथेच केंद्राध्यक्षांकडे नियम ४९-एमए नुसार तक्रार करावी. केंद्राध्यक्ष लेखी प्रतिज्ञापन घेतात आणि खोट्या प्रतिज्ञापनाबद्दल कैद किंवा दंड होऊ शकतो याची ताकीद देतात. मग प्रतिनिधींसमोर एक चाचणी मत टाकले जाते. तक्रार खरी ठरल्यास त्या यंत्रावरील मतदान ताबडतोब थांबवावे लागते. शिक्षेच्या भीतीने प्रामाणिक मतदारही बोलायला कचरतो, ही या नियमाची मोठी उणीव आहे. तरीही चिठ्ठी स्पष्ट वाचलेली असेल आणि मनात संदेह नसेल, तर तक्रार करणे हे मतदाराचे कर्तव्य आहे. खात्री नसेल तर मात्र हा मार्ग घेऊ नये. मतदान कक्षात छायाचित्र काढणे हा मतदानाच्या गुप्ततेचा भंग आहे, त्यामुळे पुरावा म्हणून तो विचारही करू नये.

आता ज्या कागदावर सगळे येऊन थांबते, त्या नमुना १७-सी कडे वळू. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष ‘क्लोज’ बटण दाबतात आणि त्यानंतर त्या यंत्रात मत पडू शकत नाही. मग या नमुन्याच्या पहिल्या भागात यंत्रांचे क्रमांक, केंद्रावरील एकूण मतदार, नोंदवहीनुसार मतदानाला आलेले मतदार, नोंदणीनंतर मत न देणारे, चाचणी मते, यंत्रात नोंदलेली एकूण मते आणि कागदी मोहरांचा हिशेब लिहिला जातो. नियम ४९-एस नुसार हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला याची साक्षांकित प्रत मिळाली पाहिजे, आणि ती हाती घेतल्याशिवाय कोणी केंद्र सोडू नये. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा मतदानात सायंकाळी ५ वाजता ५८.२२ टक्के असलेला आकडा अंतिमतः ६६.०५ टक्के झाला आणि त्यावरून मोठा वाद पेटला. दिवसभरातील टक्केवारी केंद्रांकडून कळवलेल्या अंदाजावर उभी असते, शिवाय मतदानाची वेळ संपताना रांगेत असलेल्यांनाही मत देता येते; त्यामुळे वाढ होणे अशक्य नाही. पण ती वाढ कोणत्या केंद्रावर किती झाली, याचे उत्तर फक्त १७-सी देतो. सर्व केंद्रांचे १७-सी आयोगाने स्वतःहून संकेतस्थळावर ठेवावेत ही मागणी मला पूर्णपणे योग्य वाटते. तोवर गावातील किंवा प्रभागातील सर्व प्रतिनिधींच्या प्रती एकत्र करून त्यांची बेरीज मांडणे हे काम नागरिकांच्या गटाला सहज करता येईल.

मतमोजणीच्या दिवशी मोजणी प्रतिनिधीने ही प्रत सोबत न्यावी. प्रत्येक कंट्रोल युनिट टेबलावर आल्यावर आधी क्रमांक आणि मोहर जुळते का ते पाहावे, मग एकूण मते १७-सी मधील आकड्याशी ताडून पाहावीत. तफावत दिसल्यास लेखी हरकत तेथेच द्यावी. एप्रिल २०१९ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील सोडत काढून निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजल्या जातात. त्यापलीकडे चिठ्ठ्या मोजाव्यात असे वाटले तर नियम ५६-डी नुसार उमेदवार सकारण लेखी अर्ज करू शकतो. अर्ज मान्य करायचा की नाही हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतात, पण नाकारल्यास त्यांनाही कारणे लेखी द्यावी लागतात.

निकालानंतर दोन मार्ग उरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालपत्रानुसार दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार निकालापासून सात दिवसांत लेखी मागणी करून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांच्या मायक्रोकंट्रोलरची (यंत्राच्या आतील चिपची) तपासणी मागू शकतो. खर्च त्याने भरायचा असतो आणि यंत्रात फेरफार आढळल्यास तो परत मिळतो. दुसरा मार्ग उच्च न्यायालयातील निवडणूक याचिकेचा आहे. ती ४५ दिवसांत दाखल करावी लागते आणि उमेदवाराप्रमाणेच त्या मतदारसंघातील कोणताही मतदार ती दाखल करू शकतो. याचिकेसोबत यंत्रांचे क्रमांक, मोहरांचे क्रमांक, १७-सी च्या प्रती आणि त्या त्या वेळी दिलेल्या लेखी हरकतींच्या पोचपावत्या जोडाव्यात.