सिडकोत बिऱ्हाड करताय?

जळगाव-धुळ्याकडच्या पोराला नाशिकला अंबड नाहीतर सातपूरच्या एमआयडीसीत काम लागलं की तो खोली सिडकोतच बघतो, म्हणजे सिडको या सरकारी महामंडळाने वसवलेल्या वसाहतीत. मीही तसाच आलो होतो, पत्र्याची पेटी आणि आईने बांधून दिलेलं कळण्याचं पीठ घेऊन. आता इथलाच झालोय, म्हणून चार गोष्टी सांगतो.

रिक्षावाल्याला नुसतं 'सिडको' म्हणू नका. सिडकोच्या सहा योजना आहेत आणि जुनी माणसं अजून 'पहिली स्कीम', 'सहावी स्कीम' असंच बोलतात. घराचा नंबर म्हणजे एन, मग आकडा, मग अक्षरं आणि तिरप्या रेघा. पोस्टमनलाच तो कळतो. तुम्ही आधी चौक सांगा, त्रिमूर्ती चौक म्हणा, पवननगर म्हणा, उत्तमनगर म्हणा, आणि पुढे जवळची पिठाची गिरणी.

खोली दुपारी बघू नका, रात्री दहाला, गल्लीत सगळ्या गाड्या लागल्यावर बघा. आखणी झाली तेव्हा दारात सायकल असायची, आता घरटी दोन मोटारसायकली आणि वर एक चारचाकी. मूळच्या बैठ्या घरावर दोन-दोन मजले चढलेत, जिना पुढच्या मोकळ्या जागेत उतरलाय. कपाट वर न्यायचं असेल तर आधी जिन्याची रुंदी मोजा. आम्ही आमचं गॅलरीतून दोर लावून चढवलं, अर्धी गल्ली सल्ले द्यायला हजर! पाणी किती वाजता येतं आणि वरच्या मजल्यावर चढतं का, हे घरमालकाला नाही, शेजारणीला विचारा.

घर विकत घेणार असाल तर मात्र घाई नको. सिडकोने घरं ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली आहेत. ती हातोहात विकली गेली, पुष्कळदा नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर. माझ्या घराचे माझ्याआधी दोन धनी होऊन गेले, पण सिडकोच्या दप्तरी नाव पहिल्याचंच. सही घ्यायला त्या म्हाताऱ्या बाबांच्या गावी एसटीने तीन खेपा घातल्या. बाबा सज्जन, पण प्रत्येक खेपेला त्यांचा एक मुलगा शेतावर. तेव्हा विकणाऱ्याचं नाव दप्तरी चढलंय का ते बघा, वाढीव बांधकामाला महापालिकेची परवानगी आहे का ते विचारा, आणि हस्तांतरण शुल्क कोण भरणार हे विसार पावतीतच लिहून घ्या. 'बघू नंतर' म्हणणाऱ्याला विसार देऊ नका.

करमायची काळजी नको. रविवारी पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढा, निम्मी सिडको तिथेच भेटते. संध्याकाळी बाजारात अहिराणी ऐकू आली की आपोआप पाय थांबतात.

आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या गल्लीत कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते. तिचा प्रसाद म्हणजे रोट, तो भाऊबंदांबाहेर देत नाहीत, त्यामुळे त्याचा आग्रह करणार नाही. सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीला मात्र या, फुगड्या घालायला माणसं कमीच पडतात.