सिझरनंतर नॉर्मल हवी असेल तर आधी जुनं कार्ड शोधा

आधीच सांगते, दुसऱ्या खेपेला अकरा तास कळा देऊनही माझं शेवटी सिझरच झालं. तरी प्रयत्न केल्याचा पस्तावा नाही, कारण सगळं विचारून केलं होतं.

सर्वांत आधी पहिल्या वेळचं डिस्चार्ज कार्ड शोधा. माझं कराडला आईच्या लाईटबिलांच्या पिशवीत निघालं. त्यात गर्भाशयावरचा छेद बघायचा. 'एलएससीएस' म्हणजे खालच्या भागातला, सहसा आडवा. वरचा उभा छेद असेल तर नॉर्मलचा नाद सोडायचा. पोटावरच्या व्रणावरून हे कळत नाही. बाहेर आडवा, आत उभा असू शकतो. सिझरचं कारणही वाचा. माझी थोरली पायाळू होती, आणि ते काही दर खेपेला होत नाही.

मग आकडे विचारा. आमच्या मॅडमनी केसपेपरच्या मागे लिहून दिले: एका सिझरनंतर प्रयत्न केला तर 100 पैकी 72 ते 75 जणींची नॉर्मल होते, आणि साधारण 200 मध्ये एकीचा जुना व्रण उसवतो. तेव्हा बाळ मिनिटांत बाहेर काढावं लागतं. सासूबाई ऐकून निर्धास्त झाल्या, नवरा पांढराफटक. आकडा एकच! सिझरचंही विचारा हं. जितकी सिझर जास्त, तितकी पुढच्या खेपेला वार (प्लासेंटा) व्रणात रुतायची भीती वाढते. तिसरं मूल हवं असेल तर हे आत्ताच बोला.

हॉस्पिटल निवडताना माझा एकच प्रश्न होता: रात्री दोनला भूलतज्ज्ञ कुठे असतात? घराजवळच्या नर्सिंग होममध्ये 'बोलावून घेतो' म्हणाले. कुठून? भिवंडीहून! तिथून उठले. रक्त लगेच मिळेल का, बाळाचे ठोके सतत मशीनवर बघणार का, कळा आणायला काय देणार, हेही विचारा. मिसोप्रोस्टॉलची गोळी व्रणवालीला देत नाहीत.

ठाण्यात पाचपाखाडीतलं हॉस्पिटल पसंत पडलं, पण आम्ही कासारवडवलीचे. रविवारी गाडीने पंचवीस मिनिटं, सोमवारी सकाळी घोडबंदर रोडवर सव्वा तास. म्हणून सदतिसाव्या आठवड्यात हॉस्पिटलजवळ नौपाड्याला आत्याकडे मुक्काम हलवला.

कळ ओसरल्यावरही व्रणापाशी दुखत राहिलं, अंगावर लाल गेलं किंवा बाळ हलायचं मंदावलं, तर हातातला चहा तसाच ठेवून निघायचं. साध्या कळा सुरू झाल्या तरी फोन करायचा. घरी थांबून बघणं व्रणवालीसाठी नाही.